शिशाची रेघ

मजेशीर माणूस होता म्हणे!

अप्पांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला जो तो माईक हातात घेऊन हेच सांगत होता. काय त्यांचा तो शिशाचा नाद, काय ती बंदूक, काय ते बोलणं, असा छंदिष्ट माणूस आळंदात परत होणे नाही. त्यांचा पुतण्या तर हसून हसून डोळे पुसत होता. समोर सतरंजीवर अक्का बसल्या होत्या, अप्पांच्या बायको. त्यांच्यापुढे कुणी माईक धरला नाही. मागच्या खुर्चीत मी नुसती धुमसत बसले होते. मला बोलायला कुणी सांगितलं नाही ते एका परीने बरंच झालं, मंडपाची शोभा गेली असती. पण मनातलं कुठे तरी ओकायला हवं, म्हणून लिहिते आहे.

मी दातांची डॉक्टर. शिकून बाहेर पडल्यावर पहिला दवाखाना थाटला तो कर्नाटकाच्या हद्दीतल्या या आळंदला, अप्पांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. खोल्या बघायला गेले तेव्हा मनाची पुरती तयारी करून गेले होते. उदगीरची मुलगी, एकटी राहणार. जात विचारतील, लग्नाचं विचारतील, खाणंपिणं विचारतील. अप्पांनी यातलं काहीच विचारलं नाही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात धुवट बंडी, तोंडात औषधालाही दात नाही, असा तो उंचापुरा म्हातारा माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "एक्स-रेचं मशीन हाय का तुमच्याकडं?"

म्हटलं, "आहे. दातांचं, छोटंसं."

"मग खोल्या तुमच्याच."

मला वाटलं, केवढा सुधारलेला माणूस! उदगीरला फोन करून आईला तसं सांगितलंही. महिनाभरात उलगडा झाला. दातांच्या एक्स-रेच्या फिल्मच्या पाकिटात शिशाचा एक पातळ पत्रा असतो, टपालाच्या तिकिटाएवढा. फिल्म काढली की त्याचं काही काम राहत नाही, तो डब्यात जातो. एके दुपारी मी वेळेआधी आले तर अप्पा माझ्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेले. रक्ताच्या कापसाच्या बोळ्यांमध्ये!

"अप्पा, हे काय करायलात?" चिडल्यावर माझ्याही तोंडून तिथलीच बोली निघते.

"शिसं वेचायलो, बाई. असलं शुद्ध शिसं आख्ख्या तालुक्यात न्हाई. तुमी टाकून द्यायलात, मला बघवंना गेलंय."

म्हणजे चूक माझी!

अप्पांचं शेत गावाबाहेर होतं. तूर आणि ज्वारी. तुरीच्या शेंगा भरल्या की रानडुकरं येतात आणि एका फेरीत पट्टेच्या पट्टे झोपवून जातात, हे काही खोटं नाही. त्यासाठी त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची, निजामाच्या राज्यातला परवाना असलेली ठासणीची बंदूक होती. तिच्या गोळ्या अप्पा घरीच ओतायचे. इथवर मला काही म्हणायचं नाही. ज्याला शेत आहे त्याला राखण आहे. पण शिसं निवडण्यावरून त्या माणसाने जे चालवलं होतं, त्याला मजेशीर म्हणणाऱ्यांच्या जिभेला हाड नाही.

त्यांचं म्हणणं असं की ठासणीच्या बंदुकीला शिसं मऊच लागतं. कडक शिशाची गोळी ऐन वेळी दगा देते. मऊ शिसं कुठे मिळतं, तर जुन्या टेलिफोनच्या केबलीवरच्या सालीत आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यात. कडक कुठलं, तर बॅटरीतलं आणि गाड्यांच्या चाकांना तोल साधायला ठोकतात त्या तुकड्यांतलं. तरीही ते कडक शिसंसुद्धा गोळा करायचेच. "असावं. मिसळाय लागतंय," म्हणायचे. एकदा माझा भाऊ उदगीरहून गाडी घेऊन भेटायला आला. संध्याकाळी परत निघाला, आणि गाव सोडून जरा वेग घेतला तशी गाडी थरथर कापायला लागली. उमरग्याला गॅरेजमध्ये दाखवली तर चारही चाकांचे तोलाचे तुकडे गायब. भाऊ फोनवर नको नको ते बोलला. मी तशीच अप्पांसमोर जाऊन उभी राहिले.

ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणा लई जोरात चालवतोय वाटतं. हळू चालवली तर काईच होत न्हाई."

लोक हा किस्सा सांगून हसतात. माझा भाऊ कुठे तरी झाडावर जाऊन आदळला असता तर हसले असते का?

एक्स-रे काढताना रोग्याच्या अंगावर घालायचा शिशाचा जड ॲप्रन खुंटीला टांगलेला असायचा. अप्पा येता-जाता त्याच्यावरून हात फिरवायचे, गाभण म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. "जुना झाला की सांगा बरं का, बाई." मग एकदा त्याची खालच्या कोपऱ्याची शिवण उसवलेली दिसली. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून कुलूप आणून ॲप्रन कपाटात बंद केला. त्यावर अप्पा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. घरमालकावर संशय घेणारी भाडेकरीण आपण पहिल्यांदाच बघितली, असं मात्र समोरच्या किराणा दुकानात जाऊन सांगून आले.

माणसांनाही ते शिशाच्याच मापाने मोजायचे. तलाठी म्हणजे बॅटरीचं शिसं, दिसायला जड पण ठोकलं की तुकडे. मला म्हणाले, "तुमी चाकाचं शिसं, बाई. कडक हाय, पर गाडी सरळ ठेवतंय." बायकोबद्दल विचारलं तर तोंडभर हसून म्हणाले, "अक्का? केबलचं शिसं. वळवाल तसं वळतंय." अक्का तिथेच उभ्या होत्या, हातात माझ्यासाठी आणलेला चहा घेऊन. त्याही हसल्या. मला तो चहा गोड लागला नाही.

मुलगी त्यांनी बीदरला दिली होती, मैलूरमध्ये. व्याही मोठा भला माणूस. त्यांच्या शेजारी बिदरीच्या नक्षीदार भांड्यांचा कारखाना होता. त्यांना वाटलं, व्याह्यांना करड्या धातूचं वेड आहे, आपण नेऊन द्यावा. तिथला एक जड, करडा गोळा फडक्यात बांधून ते प्रेमाने आळंदला घेऊन आले. बिदरीचं काम जस्ताचं असतं. करडं दिसलं म्हणून ते शिसं होत नाही. पण व्याह्यांच्या शब्दावर विसंबून अप्पांनी तो गोळा कढईत घातला, आणि आधीचं सगळं चांगलं शिसं नासलं. त्याचा नुसता लापशीसारखा गिचका झाला. झालं! अप्पांनी व्याह्यांशी बोलणं टाकलं. पुढे नातवाच्या बारशाला मैलूरला गेले ते घरातून पाण्याचा तांब्या घेऊन गेले, आणि त्या घरचा घोट घेतला नाही. लेक रडत होती. हे म्हणत होते, "ज्याला शिसं आन् जस्त कळंना, त्याच्या घरचं मीठ कामून खावं?" या किश्शावर तर मंडपात टाळ्या पडल्या.

आता यातली खरी गंमत ऐका. या माणसाने जन्मात एकही जीव मारलेला नव्हता. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारा, मुंगी दिसली की पाय उचलून टाकणारा माणूस. बंदूक वर्षातून फार तर दोन-तीनदा वाजायची, आणि तीसुद्धा आभाळाकडे नळी करून. डुकरं पळून जायची, दोन दिवसांनी परत यायची. मी एकदा न राहवून विचारलं, "अप्पा, हवेतच मारायची आहे ना गोळी? मग तिला मऊ काय आणि कडक काय? नुसता बार काढला तरी चालेल की."

त्यांना मी काही तरी अभद्र बोलल्यासारखं वाटलं. "नुसता बार? म्हंजे सोंग झालं की, बाई! डुकराला कळतंय. आत खरी गोळी हाय का न्हाई, ते त्याला बंदूक उचलल्याबरूबर कळतंय. शिसं खोटं तर माणूस खोटा."

निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. हे अप्पांचं जुनं दुखणं. ग्रामपंचायतीची निवडणूक नेमकी शेंगा भरायच्या दिवसांत आली, तेव्हा ते तहसीलसमोर उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होते, "डुकराला आचारसंहिता कोन वाचून दाखवणार? कन्नडमधी वाचणार का मराठीत?" हे मात्र मलाही हसू आणून गेलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण हे सगळं ओसरीवरचं. स्वयंपाकघरात काय चालतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

एका सुट्टीच्या दिवशी मी अक्कांकडे दही मागायला मागच्या दाराने गेले. घर धुराने भरलेलं. अप्पा पंख्याखाली बाजेवर बसलेले, हातात भिंग. चुलीपाशी अक्का. ज्या चुलीवर सकाळी भाकरी झाली तिच्यावरच कढई, कढईत शिसं. अक्का पदराने तोंड धरून वरची मळी पळीने काढत होत्या, साच्यात ओतत होत्या, गार झालेल्या गोळ्या लोणच्याच्या बरणीत टाकत होत्या. बॅटऱ्यांतल्या पट्ट्या फोडून झाडायचं कामही त्यांचंच, हे कोपऱ्यातल्या करड्या धुळीच्या ढिगावरून दिसत होतं. इतकी वर्षं अख्खं गाव म्हणत होतं, अप्पा गोळ्या ओततात! अप्पा काय ओतत होते? अप्पा निवडत होते.

आणि निवडत कसे होते, तर त्यांनी भंगारातला एक तुकडा उचलला, धोतराला पुसला आणि पुढे केला. "अक्का, चाव."

अक्कांनी हातातली पळी खाली ठेवली, तो तुकडा तोंडात धरला, दाढेखाली दाबला आणि काढून दिला. अप्पांनी भिंगातून दाताचा वण बघितला. "खोल हाय. मऊ. डाव्या ढिगात." दुसरा तुकडा. "चाव." दाताची नुसती खूण उमटली. "कडक. उजव्या."

सोनं दाताने पारखतात हे ऐकलं होतं. हा माणूस शिसं बायकोच्या दाताने पारखत होता. त्याचे स्वतःचे दात तंबाखूने केव्हाच नेले होते. अक्कांचे मात्र सगळेच्या सगळे, मोत्यासारखे. कडक भाकरी, आमच्याकडची ती पापडासारखी कडकडीत, अक्का नुसती कडाकडा चावून खायच्या, सोबत शेंगांची चटणी. त्यांच्या खाण्याचा आवाज माझ्या दवाखान्यापर्यंत यायचा.

मी तिथेच आरडाओरडा केला. शिसं विष आहे, तो धूर विष आहे, ती धूळ त्याहून वाईट, अन्नाच्या चुलीवर हे असलं काही करतात का? अप्पा म्हणाले, "आमच्या आज्जापासून चाललंय. कोन मेलं?" अक्का म्हणाल्या, "धूर तर भाकरीचा बी असतोय, बाई. दही न्या." पुढचे काही दिवस मी रोज बोलत राहिले आणि ते रोज हसत राहिले. बोलून चालून चाकाचं शिसं!

मग पावसाळ्यानंतर अक्कांचं पोट दुखायला लागलं. मुरडा यायचा, शौचाला होत नसे. तोंड पांढरंफटक पडलं. हातातून तांब्या सुटायचा. कलबुर्गीला दाखवून आणलं, त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. शेजारणींनी दृष्ट काढली. अप्पा म्हणाले, वय झालं. अक्का माझ्याकडे आल्या त्या वेगळ्याच कारणाने. तोंडाला सारखी धातूसारखी चव येते, म्हणाल्या, जेवण गोड लागत नाही.

त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, ओठ वर केला.  हिरड्यांच्या कडेने, दातांच्या बुंध्यापाशी, शाईच्या टाकाने ओढावी तशी एक निळसर काळी रेघ. पुस्तकात चित्र पाहिलं होतं. परीक्षेत कुणी विचारत नाही, कारण हल्ली ती कुणाला दिसत नाही, असं आमचे सर म्हणायचे. शिसं अंगात भिनलं की उमटते ती रेघ.

रक्त तपासायला पाठवलं, आणि शंका राहिली नाही. मोठ्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि स्पष्ट सांगितलं, घरातलं शिसं बंद झालं नाही तर ही औषधं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. हात जातील, मूत्रपिंडं जातील, बाई जातील.

हे सगळं मी अप्पांना त्यांच्याच ओसरीवर बसून, शब्द न गिळता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या दवाखान्यात आले, आपणहून खुर्चीत बसले आणि बोळकं उघडलं. "बघा. हाय का रेघ? मी बी त्याच घरात ऱ्हातोय. माझ्या हिरड्या कशा हायेत? लहान लेकरासारख्या!"

होत्याच स्वच्छ. मला कुठून बुद्धी झाली आणि मी खरं शास्त्र सांगितलं कोण जाणे. म्हटलं, "अप्पा, ती रेघ दाताच्या कडेला धरते. तुम्हाला दातच नाहीत तर रेघ कुठे धरणार? दात नाहीत तिथे रेघ नाही. म्हणून विष नाही असं समजू नका."

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

चार-सहा दिवसांनी सकाळी दवाखाना उघडते तर अप्पा अक्कांना घेऊन दारात उभे. अक्का ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलेल्या, डोक्यावरून पदर. देवाला निघाल्यासारख्या.

"दात काढा, बाई," अप्पा म्हणाले.

"कुणाचे?"

"हिचे. सगळे."

मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. अप्पांना वाटलं मला समजलं नाही. ते समजावून सांगायला लागले. "तुमीच म्हणालात की. दात न्हाईत तिथं रेघ न्हाई. मग काढून टाका, रेघ बी जाईल. मी लई इचार केलाय. आता शिसं कुणाकडनं चाववून घेणार मी? माझा केवढा तोटा हाय, ते माझं मला ठाऊक. तरी बी म्हणलं, अक्काच्या जिवाहून शिसं मोठं न्हाई." आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ढोंग असतं तर मी हाकलून दिलं असतं. तो माणूस मनापासून त्याग करायला आला होता, आणि तो त्याग बायकोच्या तोंडातून उपटून घ्यायचा होता!

तोवर अक्का खुर्चीत बसल्यादेखील होत्या, तोंड उघडून. "काढा, बाई. अप्पा म्हणायलेत."

मी आयुष्यात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवला. बाहेरच्या बाकावरचे रोगी उठून उभे राहिले. म्हटलं, "रेघ म्हणजे रोग आहे का? घरात चोर शिरला म्हणून कुत्रं भुंकायलंय, आन् तुमी कुत्र्याला मारायला निघालात! आभाळात मारायच्या गोळीसाठी बायकोचा जीव जायलाय, आणि तुम्हाला दिसतात ते दात! चालते व्हा बाहेर!" घरमालकाला त्याच्याच घरातून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.  कुठल्याही रोग्याने त्या वेळी माझ्यापुढे तोंड उघडलं नसतं.

अक्का तशाच बसून होत्या. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "अक्का, अप्पा काय म्हणतात ते ऐकलं. तुम्हाला काय वाटतं?"

असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. त्यांनी जीभ दातांवरून फिरवली. मग म्हणाल्या, "दात काढल्यावर कडक भाकर खाता येत न्हाई ना?"

"नाही येत."

"मग नको."

"आणि शिसं?"

"शिसं मी कवा आवडीनं खाल्लं, बाई?" असं म्हणून त्या उतरल्या, पदर सारखा केला, कडी काढली. बाहेर अप्पा उभे होतेच. अक्का घराकडे वळल्या नाहीत. रस्त्याकडे वळल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मी हिप्परग्याला जायलेय, भावाकडं. चूल पेटवायची असली तर तुमीच पेटवा."

मादन हिप्परग्याची गाडी बाजारातून सुटते. मी त्यांना गाडीत बसवून आले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, नुसत्या समोर बघत होत्या.

मग सुरू झालं अप्पांचं एकट्याचं राज्य. शिशाचा तुकडा हातात घेऊन ओसरीवर बसायचे, चावायला कुणी नाही. स्वतःच्या हिरड्यांनी दाबून बघितला, काही उमटेना. शेवटी माझ्याकडे आले. आजवर कवळी लावून घ्या म्हणून मी सांगत आले तर प्लास्टिकचं तोंडात नको म्हणणारा हा माणूस मला म्हणाला, "बाई, शिसं चावता येईल अशी कवळी बनवून द्या." मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे हिप्परग्याला गेले, बायकोला आणायला. अक्का बाहेरच आल्या नाहीत. मेव्हण्याकरवी निरोप दिला: आधी घरातलं शिसं आणि बंदूक बाहेर, मग मी.

पुढचं मला ठाण्यातल्या हवालदाराने सांगितलं. तो दाढ दाखवायला आला होता आणि एका बाजूने दुखत असताना दुसऱ्या बाजूने हसत होता. अप्पा एके सकाळी बंदूक खांद्यावर घेऊन ठाण्यात आले आणि म्हणाले, जमा करून घ्या. हवालदार चक्रावला. "क्या अप्पा, अभी इलेक्शन कां है?"

अप्पा म्हणाले, "आमच्या घरात आचारसंहिता लागलीय."

गोळ्यांच्या बरण्या, भंगार, कढई, साचा, सगळं बॅटरीच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्याच्या गाडीत गेलं. मी उभी राहून भरून दिलं, कारण माझा विश्वास नव्हता. चूल खणून काढली, जमीन ओल्या फडक्याने पुसून घेतली. अप्पांनी एका शब्दाने म्हटलं नाही की चुकलं. गाडी निघून गेल्यावर म्हणाले ते असं: "अक्काची रेघ गेली की बंदूक सोडवून आणतो. तवर नव्यानं शिसं बघाय लागतंय." म्हणजे यांच्या लेखी तो सगळा प्रकार सर्दीपडशासारखा, बरं झालं की परत सुरू!

अक्का आल्या. औषधं चालू राहिली, तोंडावर हळूहळू रक्त चढलं, तांब्या हातात टिकायला लागला. मी दर सहा महिन्यांनी रक्त आणि हिरड्या बघायच्या ठरवल्या होत्या. रेघ आधी पुसट झाली. मग एका खेपेला दिवा ओढला, ओठ वर केला, आणि हिरड्या अगदी गुलाबी, निर्मळ. मला इतका आनंद झाला की मी बोलणारच होते.

पण दारातून अप्पांचा आवाज आला. "गेली का?" चप्पल पायातच, ठाण्याकडे तोंड करून उभे होते म्हणा ना.

मी आरसा अक्कांच्या हातात दिला. म्हटलं, "तुमचं तोंड, तुम्हीच सांगा."

अक्कांनी ओठ वर करून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, दातामागून दात. मग आरसा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "आजून हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदावर लिहिलं, सहा महिन्यांनी परत दाखवणे.

अप्पा गेले तोवर असंच चाललं. दर सहा महिन्यांनी ते दारात, अक्का खुर्चीत, आणि "आजून हाय". मधल्या काळात मी बाजारपेठेत स्वतःचा दवाखाना घेतला, तिथेही दोघं येत राहिले. अप्पा मात्र दर खेपेला मान हलवून म्हणायचे, "लई चिवट शिसं होतं म्हणायचं. माझी निवडच तसली." बायकोच्या हिरड्यांतसुद्धा त्या माणसाने स्वतःच्या निवडीचं कौतुक शोधलं. आणि मी त्याला मजेशीर म्हणू?

पुण्यस्मरणाच्या दिवशी भाषणं संपल्यावर पंगत बसली. मी अक्कांच्या शेजारी बसले. ताटात कडक भाकरी, शेंगांची चटणी, तुरीचं वरण. तेवढ्यात तो पुतण्या वाढपी असल्याचं निमित्त करून समोर उकिडवा बसला. "काकू, अप्पांची बंदूक आजून ठाण्यातच पडून हाय. परवाना माझ्या नावावर करून घेतो म्हणायलो. अप्पांनी मला शिसं कसं निवडायचं ते सगळं शिकवलंय. घरात परंपरा ऱ्हायला पायजे की न्हाई?"

त्याच्या मागे पदर खोचलेली त्याची तरुण बायको वरणाची बादली घेऊन उभी होती. 

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, दाढेखाली धरला, कडाकडा चावला. सगळा घास संपेपर्यंत पुतण्याला थांबवून ठेवलं. मग त्या पोरीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "रेघ आजून हाय म्हणं. डॉक्टरबाईला विचार."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं.

"आहे," मी म्हटलं. "चांगली ठळक आहे."